वस्तऱ्याने दाढी शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं घरी वस्तऱ्याने दाढी करतो. शिकवण्या घेत नाही, वस्तरे विकतही नाही. पण एकदा ही गोष्ट चारचौघांत कळली की मित्र, मित्रांचे भाचे, भाच्यांचे रूममेट असे सगळे प्रश्न पाठवू लागतात, आणि दहातले आठ प्रश्न तेच असतात. तेच इथे एकत्र केले आहेत. घाई असेल तर ६, ९ आणि १० एवढे वाचा. बाकीचे अडल्यावर वाचले तरी चालतील.

१. सलूनमध्ये असतो तोच वस्तरा ना?

दिसायला तसाच, पण तो नव्हे. सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी ब्लेडचा वस्तरा असतो. साधं दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धा तुकडा पकडीत सरकवायचा आणि गिऱ्हाईक उठलं की फेकायचा. धार लावायची भानगडच नाही. अस्सल वस्तरा म्हणजे पोलादाचं एकसंध पातं, जाड पाठीकडून धारेकडे पातळ होत गेलेलं आणि मुठीत मिटणारं. ते फेकायचं नसतं. म्हणून त्याला दाढीआधी दर वेळी पट्टा लागतो, म्हणजे धारेची कड सरळ करायची चामड्याची पट्टी, आणि अधूनमधून धार लावायचा दगड. या पानावर नुसतं 'वस्तरा' लिहिलं असेल तिथे हा अस्सल समजा.

२. दादा, खरं सांगा, यात पैसे वाचतात का?

नाही. वाचतात असं सांगणाऱ्याने सगळी बिलं धरलेली नसतात. एक वस्तरा जन्मभर पुरतो हे खरं, पण त्याच्यासोबत पट्टा येतो, मग दगड येतो, मग 'तो दुसरा बघू जरा' म्हणून दुसरा वस्तरा येतो. पैसेच वाचवायचे असतील तर दुधारी ब्लेडचं साधं स्क्रूवालं रेझर घ्या. जिलेटने त्याचं पेटंट १९०४ मध्ये मिळवलं आणि त्यानंतर घरोघरचे वस्तरे पेटीत गेले, ते काही उगाच नाही.

वेळही वाचत नाही. सुरुवातीला चाळीस मिनिटं, हात बसल्यावर वीस. मी करतो कारण सकाळची ती वीस मिनिटं फोन हातात घेता येत नाही, आणि दाढी खरोखर घोटून होते. ही कारणं तुम्हाला पुरेशी वाटत नसतील तर हे पान इथेच बंद केलंत तरी मला वाईट वाटणार नाही.

३. शिकायला आधी ब्लेडचा वस्तरा घेऊ का? शे-दोनशे रुपयांत मिळतो.

स्वस्त आहे, पट्टा लागत नाही, आणि हा प्रकार आपल्याला जमेल का हे आठवडाभरात कळतं. एवढ्यासाठी जरूर घ्या. फक्त 'तो सोपा आहे' असं समजून घेऊ नका. अर्ध्या ब्लेडची धार कोवळ्या हाताला फार तीक्ष्ण असते आणि त्याचे दोन्ही कोपरे टोकदार असतात. वजनही नगण्य, त्यामुळे हात नकळत दाब देतो. अस्सल वस्तरा चूक थोडी पोटात घालतो, ब्लेडचा लगेच रक्त दाखवतो. माझे सगळ्यात वाईट ओरखडे ब्लेडच्या वस्तऱ्याचेच आहेत.

आणखी एक प्रकार आहे. जपानच्या फेदर कंपनीचे पकडवाले वस्तरे आणि त्यांची लांब, जाड ब्लेडं. ती आपल्या अर्ध्या ब्लेडपेक्षा पुष्कळ शहाण्यासारखी वागतात, पण ब्लेडं महाग पडतात.

४. ५/८, ६/८ असे आकडे लिहिलेले असतात. कोणता घेऊ?

ती पात्याची रुंदी, इंचाच्या आठव्या भागांत. ५/८ म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, ६/८ म्हणजे १९. नवशिक्याने या दोन्हींपैकी एक घ्यावा. ४/८ फार चपळ पळतो आणि ७/८ नाकाखाली मावत नाही.

आकड्यापेक्षा टोकाकडे बघा. काही पात्यांचं टोक काटकोनात, सुईसारखं संपतं, काहींचं गोल असतं. गोलच घ्या. काटकोनी टोक कल्ल्यांची रेघ सुबक काढतं, पण शिकाऊ हातात ते कानाची पाळी शोधत फिरतं.

नवा वस्तरा घ्यायचा तर जर्मनीतलं सोलिंगेन आणि फ्रान्समधलं तिएर ही आजही काम चालू असलेली जुनी गावं. सोलिंगेन हे नाव १९३८ पासून कायद्याने राखीव आहे, कुठेही बनवलेल्या पात्यावर ते ठोकता येत नाही. बाहेरून मागवलात तर जकातीसकट आकडा दहा हजारांच्या वर जातो, हे आधीच घरात सांगून ठेवा. इंग्लंडच्या शेफील्डचे जुने वस्तरेही उत्तम असतात. जुना घ्यायचा असेल तर प्रश्न १६ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. नवाकोरा वस्तरा आहे, तरी केस नुसते ओढले जातात. माझा हात चुकतोय का?

बहुधा हात नव्हे, धार. कारखान्यातून आलेली धार पुष्कळदा दाढीसाठी तयार नसते, दगडावरचं शेवटचं काम बाकी असतं. आणि तीन-चारशे रुपयांत ऑनलाइन मिळणारे चकचकीत वस्तरे तर फक्त वस्तऱ्याच्या आकाराचे असतात. त्यांचं पोलाद मऊ असतं आणि पातं वाकडं. त्यांना जन्मात धार चढणार नाही.

इथे माझं एकच ठाम मत आहे, आणि जो विचारेल त्याला मी हेच सांगतो: धार लावणं आणि दाढी करणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, दोन्ही एकदम शिकू नका. दाढी ओढली तर दोष हाताचा की धारेचा हेच कळत नाही. माणूस कोन बदलतो, दाब वाढवतो, कापून घेतो आणि महिन्याभरात वस्तरा कपाटात जातो. पहिला वस्तरा जाणत्या माणसाकडून धार लावूनच घ्या. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, 'दगडावर हाताने धार लावून देता का?' तो गोंधळला तर दुसरा विक्रेता बघा. हाताखाली खात्रीची धार असली की पुढच्या सगळ्या चुका तुमच्या, आणि आपल्या चुका सुधारता येतात.

६. पट्ट्यावर वस्तरा कसा फिरवायचा? रोज फिरवायलाच हवा का?

रोज, दाढीच्या आधी. न चुकता.

दाढी करताना धारेची अतिसूक्ष्म कड इकडेतिकडे वळते. पट्टा ती पुन्हा सरळ करतो आणि थोडी चकचकीत करतो. त्यावर धातू जवळजवळ घासला जात नाही, म्हणून बोथट वस्तरा पट्ट्याने धारदार होणार नाही. ते काम दगडाचं (प्रश्न ८).

पट्टा खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या कडीला अडकवा आणि दुसरं टोक डाव्या हाताने ताणून धरा. ढिला सोडला तर मधे झोळ पडतो आणि धार गोल होते. वस्तरा पट्ट्यावर पूर्ण आडवा ठेवा: पाठही टेकलेली, धारही टेकलेली. आता पाठ पुढे, धार मागे असा ओढत न्या. टोकाला पोचलात की वस्तरा उचलायचा नाही. पाठ पट्ट्यावर टेकलेली ठेवूनच त्याला कूस बदलायला लावायची आणि परत यायचं. धारेवरून उलटलात तर पट्टा कापला गेलाच म्हणून समजा. वजन वस्तऱ्याचं स्वतःचं तेवढंच.

पट्ट्याला कापडी बाजू असेल तर आधी तिच्यावर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस-पन्नास. पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर थोडं तिरकं सरकत जा, म्हणजे टोकापासून बुडापर्यंत सगळी धार चामड्याला लागेल.

वेगाच्या नादी लागू नका. जुन्या सलूनमध्ये फटफट आवाज करत पट्ट्यावर फिरणारा हात पाहिलेला असतो आणि प्रत्येकाला पहिल्याच दिवशी तसं करायचं असतं. मीही केलं, आणि नव्या पट्ट्याला बोटभर चीर पाडली. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, तो कापला जाणारच आहे. त्याच्याही आधी लोणी लावायच्या सुरीने आठवडाभर सराव करा. मनगट फिरवायचं नसतं, बोटांमध्ये वस्तरा लोळवायचा असतो, हे सुरीवर फुकटात कळतं.

७. जुना कमरेचा पट्टा चालेल का? आणि आमच्याकडे चामडं चालत नाही, त्याचं काय?

कमरेचा पट्टा बहुतेक वेळा चालत नाही. त्यावर शिवण, नक्षी किंवा रंगाचा थर असतो आणि रुंदी पुरत नाही. सपाट, बिनशिवणीचा, दोन-अडीच इंची कोरा पट्टा असेल तर बघा.

चामडं नको असेल तर घट्ट विणीचं जाड सुती कापड किंवा कॅनव्हास ताणून वापरता येतं. वर्तमानपत्राची सपाट घडी लाकडी पट्टीवर चिकटवून त्यावर फिरवणारेही आहेत आणि ते खरंच जमतं. ब्रशही सिंथेटिक घ्या. बॅजर नावाच्या प्राण्याच्या आणि डुकराच्या केसांचे ब्रश सर्रास मिळतात, पाकिटावर नीट वाचून घ्या.

८. दगडावर धार किती दिवसांनी? सायकलवर धार लावणारे येतात त्यांना दिला तर?

त्यांना देऊ नका. ते विळ्या-कात्र्यांचे उस्ताद, पण फिरत्या चाकावर वस्तऱ्याचं पातळ पातं क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरतं. शिवाय वस्तऱ्याचा कोन हाताने धरायचा नसतो. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकली की पाठीची जाडीच कोन ठरवते. चाकावर तो हिशेब उरत नाही.

पट्टा नीट फिरवत असाल तर दगडाची गरज काही महिन्यांनी पडते. पट्टा मारूनही दोन-तीन दाढ्या सलग ओढल्यासारख्या वाटल्या की वेळ झाली. नुसता ताजेपणा आणायला १२००० नंबरचा बारीक दगड पुरतो. धार बरीच गेली असेल तर ८००० पासून सुरुवात. १००० नंबरचा खरखरीत दगड फक्त कडा मोडलेल्या किंवा वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तऱ्यासाठी. दगडावर दिशा पट्ट्याच्या उलट असते, म्हणजे धार पुढे. हे लिहून भिंतीवर चिकटवा.

पहिले सहा महिने मात्र दगड विकतच घेऊ नका. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

९. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

फक्त एक गाल. उजव्या हाताचे असाल तर उजवा.

हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, पण ऐका. आंघोळीनंतर, दोन दिवसांचे खुंट असताना, रविवारी, घरात कुणी 'आटप लवकर' म्हणणारं नसताना बसा. फेस लावा. वस्तरा असा धरा: पहिली तीन बोटं पात्यामागच्या दांड्यावर, अंगठा खालून, करंगळी मागच्या वळलेल्या शेपटीवर, आणि पातं मिटतं ती मूठ वर उघडलेली. डावा हात डोक्यावरून आणून कानाजवळची कातडी वर ताणा. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्याच दिशेने, इंच-इंच. गाल झाला की वस्तरा बाजूला ठेवा आणि उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने उरका.

चार-पाच दाढ्या एवढंच. मग दुसरा गाल. तिथे नाक मधे येतं आणि हात तोंडावरून आडवा न्यावा लागतो. काहीजण त्या बाजूला डावा हात वापरतात. मला ते कधी जमलं नाही. दोन्ही गाल निवांत होऊ लागले की गळा, आणि सगळ्यात शेवटी हनुवटी व वरचा ओठ (प्रश्न १२). असं करत पूर्ण चेहऱ्याला महिना-दीड महिना लागतो.

लक्ष सगळं उजव्या हाताकडे जातं, कारण त्यात शस्त्र असतं. दाढी मात्र डाव्या हातावर ठरते. कातडी तबल्याच्या पुडीसारखी ताणलेली असेल तर हलका हातही स्वच्छ काढतो. सैल कातडीपुढे उत्तम धारही हरते. फेसाने बोटं घसरत असतील तर बोटांच्या टोकांना तुरटी चोळा, पकड येते.

१०. कोन किती ठेवायचा? तीस अंश म्हणजे आरशात कसं कळणार?

कळत नाही, म्हणून अंश विसरा. पातं गालावर पूर्ण आडवं टेकवा. मग पाठ एवढीच उचला की पाठ आणि कातडी यांच्यामध्ये पाठीच्याच जाडीएवढी, फार तर दुप्पट, फट दिसेल. तिथून सुरुवात. केस ओढले जात असतील तर कणभर उचला, खरवडल्यासारखं वाटलं तर कणभर पाडा. गालाची वळणं बदलतात तसा हा कोन दर इंचाला जुळवून घ्यावा लागतो.

कान उघडे ठेवा. बरोबर कोनात खुंट कापले जाताना बारीक, कुरकुरीत आवाज येतो. पातळ पात्याचा तर चक्क नाद येतो. आवाज बंद झाला तर तुम्ही नुसता फेस काढताय.

कोनाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वस्तरा कधीही धारेच्या लांबीत, आडवा सरकवायचा नाही. विळीवर भाजी दाबून चिरली जात नाही, जराशी सरकवली की लगेच चिरते. कातडीही तशीच. वस्तरा खाली जाऊ द्या, इकडेतिकडे नको. गालावर टेकवून 'जागा नीट करतो' म्हणून जरा हलवला की रेघ उमटलीच. जागा बदलायची तर उचला आणि पुन्हा टेकवा.

११. फोम चालेल? आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, फेसच होत नाही.

डब्यातला फोम चालतो, पण तो हवेने फुगलेला असतो आणि लवकर बसतो. वस्तऱ्याची दाढी हळू चालते, तोवर फेस सुकतो. ट्यूबमधलं क्रीम किंवा वडीचा साबण आणि ब्रश बरा. फेस दह्यासारखा ओला हवा, अंड्याच्या फेसासारखा हलका नको. सुकला की पुन्हा लावा. कोरड्या गालावर वस्तरा नाही.

जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साबणाशी चोथा होतो, म्हणून फेस येत नाही. ब्रश भिजवायला आणि फेस करायला वाटीभर आरओचं पाणी घ्या, तोंड नळाच्या पाण्याने धुतलंत तरी चालेल.

१२. हनुवटी, ओठाच्या वर आणि गळा, इथे हमखास अडतं.

सगळ्यांचंच अडतं. हनुवटीला एका हातात वळसा घालायचा प्रयत्न करू नका. खालचा ओठ दातांवर ओढून घ्या म्हणजे हनुवटी सपाट होते. मग मधला, डावा आणि उजवा असे तीन वेगळे मैदानी तुकडे समजून अर्ध्या-अर्ध्या इंचाचे हात मारा. तिथले केस राठ असतात. अडलं तर दाब देऊ नका, कोन तपासा.

वरच्या ओठासाठी नाकाचं टोक बोटाने वर किंवा बाजूला ढकला आणि ओठ ताणा. फक्त खाली यायचं, नाकाखालच्या पन्हळीत टोक घालायचं नाही. मिशी ठेवणाऱ्यांचा हा अर्धा प्रश्न आपोआप सुटतो.

गळ्याचं दुखणं दिशेचं आहे. गालावर केस बहुतेक खालीच जातात, पण जबड्याखाली ते वर, आडवे, कधी भोवऱ्यासारखे फिरतात. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवून बघा. गुळगुळीत लागतं ती सुलटी दिशा, खरखरीत लागतं ती उलटी. हवं तर चेहऱ्याचं चित्र काढून बाण मारा. मी मारले होते, आणि डाव्या बाजूला केस चक्क कानाकडे वाढतात हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं. कंठमण्यावर वस्तरा न्यायचा नाही. कातडी बाजूला ओढून कंठमण्यावरचा भाग शेजारच्या सपाटीवर आणा आणि तिथे करा.

१३. उलटा हात कधी मारायचा?

पूर्ण चेहरा सुलट्या हाताने, एक थेंबही रक्त न येता, सलग दहा वेळा झाला की. त्याच्याआधी सुलट्यानंतर पुन्हा फेस लावून आडवा हात मारा (केसांच्या दिशेला आडवा, धारेच्या लांबीत नव्हे), ऑफिसपुरती दाढी तेवढ्यात होते. उलटा हात गालापासून सुरू करा. गळ्यावर तो कधीच नाही मारला तरी काही बिघडत नाही.

१४. कापलं तर?

बारीक टिपके-रेघा असतील तर गार पाण्याने धुऊन ओली तुरटी फिरवा. चरचरेल, रक्त थांबेल. तुरटी सगळ्या चेहऱ्यावर फिरवली की आणखी एक कळतं: जिथे जास्त झोंबतं तिथे तुमचा कोन किंवा दाब चुकला होता. रोजचा फुकट रिपोर्ट.

खोल कापलं तर तुरटी नाही. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मधे उचलून न बघता. तरी वाहत असेल किंवा जखमेच्या कडा उघड्या दिसत असतील तर टाक्यांसाठी डॉक्टरकडे जा, आणि धनुर्वाताच्या लशीचं तिथेच विचारा.

१५. गळ्यावर पुरळ येतं, केस आत वाढतात. वस्तऱ्याने बरं होईल की वाढेल?

आत वळणारे केस प्रामुख्याने कुरळ्या दाढीचं दुखणं. खूप खोलवर घोटलेला केस कातडीच्या आत वळतो आणि फोड येतो. अनेक पात्यांच्या रेझरपेक्षा वस्तऱ्याचं एकच पातं पुष्कळांना मानवतं, पण फक्त सुलट्या हाताने आणि एकाच फेरीत. गुळगुळीतपणाचा हट्ट धरलात तर त्रास तोच राहील. पिकलेल्या पुटकुळ्या, तीळ आणि चामखीळ यांच्यावरून वस्तरा न्यायचा नाही, वळसा घाला. नुसती आग होत असेल तर प्रश्न १० आणि ११ पुन्हा वाचा, बहुतेक वेळा कोन किंवा सुका फेस कारण असतो.

१६. आजोबांचा वस्तरा माळ्यावर सापडला! वापरता येईल का?

हा माझा आवडता प्रश्न, आणि उत्तर अर्ध्या वेळा 'नाही' असं असतं.

आधी धार खिडकीच्या उजेडात धरा. खाचा दिसतात का? बारीक खाच दगडावर जाते, भाताच्या शिताएवढी जात नाही. पात्यावरचे तांबूस डाग घाबरण्यासारखे नाहीत. काळे, खोल ठिपके बघा. ते पाठीकडे असतील तर चालेल. धारेलगत असतील तर पोलाद आतून खाल्लं गेलंय, दगडावर धार तिथपर्यंत पोचली की चुऱ्यासारखी तुटत राहते. धार सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली हवी. मधे आत गेलेली, उतरलेल्या तोंडासारखी असेल तर काम मोठं आहे. बारीक तडा असेल तर विषय संपला, शोकेसमध्ये ठेवा.

मग मूठ. जुन्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. सेल्युलॉइड म्हातारं झालं की कुजतं, कापरासारखा वास येतो, चिरा पडतात, आणि त्यातून निघणारा आम्लाचा वायू पात्यालाच गंजवतो. एका जागी पातं विचित्रपणे सडलेलं दिसलं तर मुठीवर संशय घ्या. मूठ बदलता येते. हस्तिदंती मूठ असेल तर घरात काय आहे ते नीट समजून घ्या, कारण भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे. म्हणून परदेशातून जुना वस्तरा मागवतानाही मूठ कशाची ते आधी विचारा.

पात्याच्या बुडाशी काय कोरलंय ते वाचा. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरं ब्रिटिशांच्या १८८७ च्या कायद्यामुळे रूढ झाली, म्हणजे ती असतील तर वस्तरा बहुधा त्यानंतरचा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला, म्हणजे कदाचित आजोबांचा नसून काकांचा.

सगळं ठीक निघालं तर साबणाने धुवा, स्पिरिटने पुसा आणि जाणत्याकडून धार लावून घ्या. लगेच चेहऱ्याला लावू नका. आणि कृपा करून पॉलिश पेपरने घासून 'नवा' करू नका, शंभर वर्षांची कोरीव अक्षरं पाच मिनिटांत जातात.

१७. मी रत्नागिरीचा. जूनपासून गंज धरतो. तेल कुठलं लावू?

चांगल्या वस्तऱ्यांचं पोलाद बहुतेक साधं कार्बनचं, त्याला कोकणचा पाऊस मानवत नाही. दाढी झाली की धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, आणि मुठीतला सांधा विसरू नका, पाणी तिथेच लपतं. अर्धा तास उघडा ठेवा, मग मिटा. बाथरूममध्ये ठेवू नका. चामड्याच्या म्यानात तर नाहीच, ते ओल धरतं.

पावसाळ्यात शिलाई मशीनचं तेल एक थेंब, कापडाने पसरून. खोबरेल हाताशी असतं म्हणून सगळे तेच लावतात. ते चोवीस अंशांच्या खाली गोठतं आणि दिवसांनी चिकट होतं. चार दिवस चालेल, चार महिने नाही. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या वस्तऱ्याच्या डब्यात टाका, शेवटी त्यांचा काहीतरी उपयोग होतो.

१८. मी आणि भाऊ एकच वस्तरा वापरला तर? घरचेच आहोत.

नको. दाढीत न दिसणाऱ्या जखमा होतात, आणि हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. लाकडी किंवा शिंगाच्या मुठीचा वस्तरा उकळताही येत नाही. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावतात ते याचसाठी. तुम्ही खुर्चीत बसल्यावर ते तुमच्यासमोर मोडलं जातंय ना, हे बघायला लाजू नका.

१९. श्रावण संपला, महिन्याची दाढी आहे. थेट वस्तरा?

आधी ट्रिमर, मग वस्तरा. लांब केस पात्याला गुंडाळतात, ओढले जातात आणि कातडी दिसत नाही. खुंटांपर्यंत खाली आणा, एक रात्र जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी करा. महिनाभर हात थांबलेला असतो, तेव्हा पहिल्या दिवशी नुसते गाल केलेत तरी कमीपणा नाही. पट्टा मारायला विसरू नका, वस्तराही महिनाभर झोपलेलाच होता.

२०. मी डावरा आहे. वेगळा वस्तरा लागतो का?

नेहमीच्या मिटणाऱ्या वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, त्यामुळे नाही. वर जिथे उजवा लिहिलंय तिथे डावा वाचा. अपवाद जपानी पद्धतीच्या न मिटणाऱ्या वस्तऱ्याचा. त्याच्या दोन बाजू वेगळ्या घासलेल्या असतात, तो घेताना विचारून घ्या.

२१. मधुमेह आहे / रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. करू का?

तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर साधी रेघही बराच वेळ वाहते, आणि मधुमेहात जखम चिघळू शकते. हात कापत असेल, दृष्टी अंधुक असेल तर इलेक्ट्रिक शेव्हर घ्या. रात्री जागरण झालेल्या सकाळीही हाच नियम, आणि तो मी स्वतः पाळतो.

२२. विमानात नेता येतो?

केबिनच्या बॅगेत नाही, तिथे काढून घेतात. चेक-इनच्या सामानात, टोक-धार नीट बांधून. दोन दिवसांच्या प्रवासाला मी नेतच नाही. हॉटेलच्या अनोळखी आरशात आणि अनोळखी उजेडात हात बुजतो.

२३. ओल्या हातातून निसटला तर?

पकडू नका. आपण आयुष्यभर पडणारी वस्तू झेलायची सवय लावून घेतलेली असते, त्यामुळे हात आपोआप पुढे जातो. म्हणून मिटलेल्या वस्तऱ्यावर दोन-चारदा मुद्दाम सराव करा: सोडायचा, हात वर, पाय मागे. बेसिनमध्ये आणि पायाखाली जाड टॉवेल पसरा, पायात चप्पल घाला, दाराला कडी लावा म्हणजे मुलं आत येणार नाहीत. माझा एकदा निसटला. टॉवेल पसरला नव्हता. बेसिनच्या कडेवर आपटून धारेचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडाला आणि तो वस्तरा आता पाकिटं उघडायच्या कामाला आहे.